थोरल्या बाईंना वारा सोसत नाही

२ ऑगस्ट

चि. खारू,

तुला आशीर्वाद, आणि तुझ्या त्या नागव्या उंदरांनाही.

फोन करू नकोस, हे आधीच सांगून ठेवतो. जन्मभर ब्लोअरशेजारी उभा राहिलो, कान गेले ते गेले. तू तिकडून बोलायचं आणि मी इकडून नुसतं हो हो म्हणायचं, याला काही अर्थ नाही. पत्र लिही. अक्षर मोठं काढ.

प्राणिसंग्रहालयातलं तुझं भुयारघर डोळ्यांपुढून हलत नाही. इतकी वर्षं कचेऱ्यांना, सिनेमागृहांना, गोदामांना हवा पुरवली. पण प्राण्यांना, तेही जमिनीखालच्या, पहिल्यांदाच. आणि शेवटचं. वर्कशॉप भागीदाराच्या हवाली करायच्या आधी हातून काहीतरी नाव घेण्यासारखं व्हावं अशी इच्छा होती, ती भाचीमुळे पुरी झाली. बिचारे जन्मभर बिळात कोंडलेले. आता त्यांच्या प्रत्येक नळीत ताजी, कोरडी, झुळझुळ हवा. एवढी सोय मोठमोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये नसते. गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय. पंखा कसा चाललाय आणि उंदरांना कसं वाटतंय ते सविस्तर कळव.

तुझी मामी ठणठणीत आहे आणि नेहमीसारखी कुरकुरते आहे. मी खिडकी उघडतो, ती पांघरूण ओढते. पाय बर्फासारखे. लग्नापासून बघतोय, जन्मतःच गार आहेत तिचे पाय, त्याला माझी खिडकी काय करणार? लग्नाच्या वर्षी पलंगाच्या वर भिंतीत तिच्यासाठी झरोका पाडला, त्याला पितळी जाळी बसवली. लोक बायकोला दागिना देतात, मी हवा दिली. गेल्या हिवाळ्यापासून मात्र त्यातून वारा येईनासा झालाय. गुडघ्यामुळे शिडी चढवत नाही, म्हणून सध्या खिडकीचं दुसरं तावदानही उघडं ठेवतो.

माझा तपकिरी स्वेटर तुझ्याकडे राहिला नाही ना? सापडत नाही.

तुझा मामा

•

१९ ऑगस्ट

प्रिय मामा,

अक्षर मोठं काढलंय, पण बातमी चांगली नाही. पिल्लं झाली आणि गेली. दोन दिवससुद्धा राहिली नाहीत.

तू पंखा बसवलास तेव्हा प्राणी यायचे होते, म्हणून त्यांची ओळख करून देते. अंगावर केस नाहीत, डोळे नावाला, कातडी धुवून न पिळलेल्या कपड्यासारखी. दिसायला इतके वाईट की शेवटी गोडच वाटतात. सगळ्या वसाहतीत एकच मादी पिल्लं घालते, बाकीचे राबतात. तिला आम्ही थोरल्या बाई म्हणतो. सकाळी पारदर्शक नळ्यांमधून फेरी मारतात आणि आळशी दिसेल त्याला ढुसण्या देतात. आणखी एक दांडगा आहे, त्याचं नाव मुकादम.

तर गंमत अशी की मुकादम आल्या दिवसापासून एकच काम करतोय. तुझ्या हवेच्या तोंडाशी माती आणि भुसा नेऊन कोंबतो. त्याच्यामागे रांग लावून दहा-बाराजण. मी सकाळी तोंडं साफ करते, दुपारपर्यंत पुन्हा बुजलेली. कुणी नीट खात नाही, झोपत नाही. पिल्लं झाली तर थोरल्या बाई त्यांना तोंडात धरून या खोलीतून त्या खोलीत पळत होत्या, जणू घराला आग लागली आहे. दमून गेली ती पिल्लं, मामा. शेंगदाण्याएवढी होती.

संचालक बाई चांगल्या आहेत, पण त्यांनी स्पष्टच सांगितलं. वसाहत रुळली नाही तर जिथून आली तिथे परत पाठवायची आणि दालन मासेवाल्याला द्यायचं. मासेवाला म्हणजे आमच्याकडचा मत्स्यालयाचा माणूस. तो रोज टेप घेऊन येतो, माझ्या भिंती मोजतो आणि सहज आलो होतो म्हणतो. मला पहिल्यांदाच स्वतःचं असं काहीतरी मिळालंय. ते हातचं जाऊ द्यायचं नाही. काय करू सांग.

स्वेटर इथे नाही.

तुझी खारू

•

२७ ऑगस्ट

चि. खारू,

पिल्लांचं वाचून जेवण गेलं नाही. मामीनेही डोळे पुसले.

पण घाबरू नकोस, मी आहे. दुखणं माझ्या लक्षात आलंय. जन्म बिळात गेलेला, हवा कशाशी खातात ते त्यांना ठाऊक नाही. नव्या नोकराला केबिन दिली की तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसतो, त्यातला प्रकार. सवय लावावी लागते. मी मोठा ब्लोअर पाठवतोय, आधीच्याच्या दुप्पट ताकदीचा. सोबत लोखंडी जाळ्या. तोंडाशी जाळी आणि मागून असा जोर की मुकादमाने टाकलेला भुसा त्याच्याच तोंडावर उडाला पाहिजे. माणसं वर्कशॉपची येतील, बसवून जातील. तू फक्त चहा पाज.

एवढं करूनही हवा नको म्हणत असतील तर कपाळ त्यांचं. आमच्या घरातही असं एक माणूस आहे, पण ते निदान झरोका बुजवत नाही.

मासेवाल्याला सांग, मामा येऊन टेप गुंडाळून देईल.

तुझा मामा

•

३ नोव्हेंबर

प्रिय मामी,

मुद्दाम तुझ्या शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर लिहितेय. घरी लिहिलं तर मामा फोडणार. हे त्याला दाखवू नकोस.

मोठा ब्लोअर बसवला. थोरल्या बाईंना पुन्हा पिल्लं झाली आणि पुन्हा गेली. या वेळी मुकादमाने जाळीवर दात घासून घासून तोंड सोलून घेतलं. मी त्या दिवशी भांडारात जाऊन दार लावून रडले आणि बाहेर आले तर मासेवाला पंपासाठी जागा बघत होता.

दोनच दिवसांनी ब्लोअरचा पट्टा निसटला. मी मामाच्या माणसांना कळवायला निघाले होते, सहज काचेतून बघितलं आणि तिथेच थांबले. सगळे झोपले होते. एकाच खोलीत, एकावर एक, चळत लावून. थोरल्या बाई सगळ्यात वर, उताण्या. मुकादम सगळ्यात खाली आणि तोंडावर इतकं समाधान की काय सांगू. आल्यापासून मी त्यांना असं झोपलेलं बघितलंच नव्हतं.

मग मी खोलीत मापकं ठेवली आणि जिथून ते आले तिथल्या बाईंना विचारलं. मामी, आपण सगळं उलटं केलं होतं. त्यांच्या खऱ्या बिळात वारा नसतोच. आत ऊब सारखी एकाच मापाची, बाहेर ऊन असो की गारठा. हवा इतकी दमट की काच धुरकटते. आणि शिळी. सगळे एकमेकांना बिलगून झोपतात, त्यांनी सोडलेला श्वास तिथेच साठतो. तुला-मला अर्ध्या तासात डोकं धरेल, त्यांना त्याच हवेत शांत वाटतं. ती हवा नसली तर ते बिथरतात. आणि वाऱ्याची झुळूक आली तर त्यांच्या लेखी तिचा अर्थ एकच: भुयार कुठेतरी फुटलंय आणि तिथून साप येणार. मामाने प्रेमाने त्यांच्या प्रत्येक खोलीत रात्रंदिवस साप सोडला होता.

संचालक बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ठेव बंद, पण आता तिसरी वेळ शेवटची. थोरल्या बाई पुन्हा गाभण आहेत. तोंडांवर मी पुठ्ठे लावलेत, पण पुठ्ठ्याने ऊब राहत नाही, दमटपणा टिकत नाही. काहीतरी पक्कं करायला हवं आणि ते करणारा एकच माणूस मला माहीत आहे. त्यालाच कसं सांगू की तुझं शेवटचं काम बंद ठेवलंय?

तुझी खारू

•

११ नोव्हेंबर

लाडके खारू,

पत्र गिऱ्हाइकासमोर वाचलं आणि हसू आवरेना. गिऱ्हाईक म्हणालं, ब्लाउज चुकलाय का? म्हटलं, नाही हो, माझं लग्न आठवलं.

तुझ्या त्या मुकादमाला माझ्यातर्फे गाजर दे. आम्ही दोघं एका पंथाचे. अगं, गेल्या हिवाळ्यात खोकल्याने बेजार झाले होते. ह्यांना म्हटलं, तो झरोका बंद करू या. म्हणाले, खोकल्याला ताजी हवाच औषध. मग एक दिवस हे वर्कशॉपला गेल्यावर मी ट्रंकेवर स्टूल ठेवलं, चढले, पितळी जाळी काढली आणि ह्यांच्याच तपकिरी स्वेटरची बाही उसवून, गुंडाळून आत कोंबली. जाळी परत जागेवर. खोकला गेला. पण ह्यांना वारा कमी वाटायला लागला, तर ह्यांनी दुसरं तावदान उघडलं. म्हणजे आगीतून फुफाट्यात. दुसऱ्या बाहीचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

तुला काय सांगू? मी आजवर सांगितलं नाही ते घाबरून नाही. हे घरी येतात तेच मुळी दमून, आणि आल्या आल्या खिडकी उघडून म्हणतात, आता कसं बरं वाटलं. ते तोंड बघितलं की माझ्याच्याने बोलवत नाही. तुझ्या पंख्याचा फोटो काढून आणलाय, भिंतीवर लावलाय. आल्यागेल्याला दाखवतात. उद्घाटनाला वर्कशॉपची सगळी मंडळी घेऊन येणार आहेत.

तू पिल्लं होईपर्यंत गप्प राहा. नंतर बघू. माझा सल्ला किती चालतो ते तू बघतेच आहेस, मी अजून कानटोपी घालून झोपते.

मामी

•

२ डिसेंबर

प्रिय मामा,

उशीर झाला, रागावू नकोस. इथे सगळं ठीक आहे. थोरल्या बाईंचं पोट दिसायला लागलंय. मुकादम खाऊन-पिऊन मजेत. पंख्याचा आवाज तर अजिबात येत नाही.

तू लवकर यायचं म्हणत होतास, पण सध्या येऊ नकोस. दालनाला रंग चाललाय, वासाने तुझं डोकं चढेल. उद्घाटनाची तारीख ठरली की मीच कळवीन.

मामीला सांग, गाजर दिलं.

तुझी खारू

•

२० डिसेंबर

चि. खारू,

रंग कुठे चाललाय तो मला दिसला नाही. मी येऊन गेलो.

तुझं पत्र वाचूनच मला शंका आली. माझा ब्लोअर आणि आवाज येत नाही? मी बनवलाय तो, मला माहीत आहे तो कसा बोंबलतो. गाडीत बसलो आणि आलो. तुझी सुट्टी होती. चौकीदार मला ओळखतो, त्याने आत सोडलं. बघतो तर पट्टा काढून खिळ्याला टांगलेला आणि माझ्या हवेच्या तोंडांवर पुठ्ठे. खोटं कशाला सांगू, राग आला. एवढी मी लहानाची मोठी केलेली पोर आणि मला रंगाचा वास सांगते.

मग मी मूर्खपणा केला. पुठ्ठे काढले, पट्टा चढवला, पंखा सुरू केला. म्हटलं, बघू दे मला माझ्या डोळ्यांनी.

ते झोपले होते गं. तू मामीला लिहिलंस तसे, चळत लावून. हो, मामीने आता सगळं दाखवलंय. वारा लागला आणि ती चळत फुटली. एकेक दचकून उठला. तुझा तो मुकादम सरळ हवेच्या तोंडाशी धावला आणि छाती लावून उभा राहिला, मागून बाकीचे माती ढकलतायत. थोरल्या बाई एवढं पोट घेऊन या नळीतून त्या नळीत पळतायत, ठेचकाळतायत. मी पट्टा ओढून काढला. हाताला लागलं, लागू दे. नंतर पुठ्ठे जागच्या जागी लावले आणि पार ते पुन्हा झोपेपर्यंत तिथेच बाकावर बसून राहिलो. तुझा मासेवाला आला होता. त्याने मला न मागता पाणी आणून दिलं. माणूस वाईट नाही.

परतीच्या गाडीत एकच चित्र डोळ्यांपुढे. वारा येतो, कुणीतरी बोळा कोंबतं, मी म्हणतो वारा कमी पडला, आणखी सोडा. कुठेतरी पाहिलंय असं वाटत होतं. घरी आलो, बूटसुद्धा काढले नाहीत. ट्रंकेवर स्टूल ठेवलं. मामी खालून म्हणतेय, अहो गुडघा, अहो गुडघा. चढलो. जाळी काढली. माझी बाही निघाली.

मी स्टुलावर, ती खाली. मग मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "तुम्ही खिडकी उघडल्यावर किती खूश दिसता ते तुम्ही कधी बघितलंय का?"

बाही पुन्हा आत घातली, अधिक घट्ट, आणि खाली उतरलो. उतरताना मात्र तिचा हात धरावा लागला.

आता कामाचं बोलू. ज्याला वारा सोडता येतो त्याला तो थांबवताही आला पाहिजे, नाहीतर तो कसला कारागीर. तीन दिवस कागद खरडतोय. तुझ्या सगळ्या नळ्यांभोवती एक पेटी, आतून जाड फेल्ट. फेल्ट मामी शिवून देते, म्हणते शिवण दुहेरी घालते म्हणजे फट राहणार नाही. तळाशी ऊब देणारी तार. बाजूला ओल्या वाळूचे ट्रे. आणि हवेसाठी पंखा नाही. कच्च्या भाजलेल्या मातीचे जाड नळ. मातीतून हवा झिरपते, वाहत नाही. आत शिरेल, पण शिरताना कुणाला दिसणार नाही. तू मापक लावून सांगायचं, किती नळ झाकायचे आणि किती उघडे. ते शास्त्र तुझं, मी फक्त ठोकाठोक करणार.

शनिवारी येतोय. मामीही येतेय, तिला मुकादमाला भेटायचंय. हातोडी जपून मारू, थोरल्या बाईंना कळणारसुद्धा नाही. आणि पुन्हा मला रंगाचा वास सांगू नकोस. सरळ सांगायचं, मामा, तुझी हवा नको. मला चार दिवस वाईट वाटेल, पाचव्या दिवशी मी कामाला लागेन.

मामा

•

१७ जानेवारी

प्रिय मामा आणि मामी,

झाली. किती ते मोजता येत नाही, सारखी वळवळतात आणि एकमेकांवर चढतात. आठवडा झाला आणि सगळी आहेत. मुद्दाम आठवडाभर थांबले, आधी लिहायचा धीर झाला नाही.

पेटीचं झाकण सरकवून लाल दिव्यात बघते. आत ऊब, काचेवर बाष्प, आणि पानसुद्धा हलणार नाही अशी शांतता. थोरल्या बाई आडव्या पडून पाजत असतात. पिल्लांची कातडी इतकी पातळ की पोटातलं दूध बाहेरून दिसतं. मी रोज सकाळी पोटं बघते: भरलेलं, भरलेलं, हेही भरलेलं. मग माझा चहा गोड लागतो. मुकादमाला काही कामच उरलेलं नाही. मामीने पेटीला लावलेल्या फेल्टचा एक तुकडा नळीत पडला होता, तो ओढत नेऊन त्याने पिल्लांच्या खोलीत अंथरलाय.

संचालक बाई काल काचेला नाक लावून बराच वेळ उभ्या होत्या. जाताना म्हणाल्या, दालन उंदरांचंच राहील. मासेवाल्याला कळलं तर त्याने टेप खिशातून काढून मला देऊन टाकली. वर विचारतो, तुमचे मामा माशांचं काही करतात का, माझ्याकडे एक टाकी सारखी गढुळते.

तीन महिन्यांनी उद्घाटन. वर्कशॉपच्या सगळ्यांना घेऊन ये. दाखवायला पंखा नाही, पण बाहेर पाटी लावणार आहोत. तुझं नाव आणि खाली, न वाहणारी हवा बनवणारे. संचालक बाईंना विचारलं, त्यांना चालतंय.

मामा, मी तुझ्यापासून लपवलं ते मला अजून टोचतं. पण तू त्या दिवशी बाकावर बसून राहिलास हे चौकीदाराने सांगितलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की विचारू नकोस.

तुझी खारू

•

२९ जानेवारी

चि. खारू,

पत्र मामीने मोठ्याने वाचलं, मग मी वाचलं, मग शेजारी जाऊन वाचलं. भिंतीवरचा पंख्याचा फोटो काढला. त्या जागी पिल्लांचा पाहिजे, पोटातलं दूध दिसेल असा. लवकर पाठव. मासेवाल्याला कळव की टाकी बघायला येईन. पण आधी माशांना काय हवंय ते विचारून ठेव म्हणावं.

इकडची बातमी. झरोक्याला पक्कं लाकडी बूच केलं, आतून तुझ्याच पेटीतलं उरलेलं फेल्ट. उघडायची दोरी तिच्या उशीकडे ठेवली आहे. खिडकीचं एक तावदान दिवसा माझं, संध्याकाळपासून तिचं. माझ्या स्वेटरला तिने नवी बाही लावली, हिरवी, कारण तपकिरी लोकर मिळाली नाही. तोच घालून मी पेपर वाचत बसतो. दमट, कोंदट, शिळ्या हवेत. पहिले दोन दिवस जीव घाबरला, आता मलाही झोप बरी लागते.

आज पहाटे पायाला काहीतरी ऊबदार लागलं. वाटलं, गरम पाण्याची पिशवी. पांघरूण उचलून बघितलं, तर हिचे पाय. कानटोपी नाही, काही नाही, गाढ झोपलेली. खारू, मी सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरलो की हिचे पाय जन्मतःच गार आहेत.

नव्हते गं.

तुझा मामा